परतीचा फेरा

तुमच्या गावाहून आठवड्याच्या बाजाराला गाडी जाते. जाताना गाडीत ज्वारीची पोती असतात, कांदा असतो, एखादी म्हातारी आपली कोंबडी मांडीवर घेऊन कडेला बसलेली असते. माल विकला जातो, दिवस कलतो आणि गाडी परत निघते. ती रिकामी परतते का? शहाणा गाडीवान तिला रिकामी आणीत नाही. दुकानदाराच्या गुळाच्या चार ढेपा, कोणाचे मिठाचे पोते, कोणाचा पत्रा, मिळेल ते तो गाडीत टाकतो. भाडे निम्मे मिळाले तरी नाही म्हणत नाही. कारण बैल काही झाले तरी घरापर्यंत चालायचेच आहेत. गाडी रिकामी आणली म्हणून त्यांची वैरण वाचत नाही. आता बैलगाडीच्या जागी टेम्पो आला असेल आणि वैरणीच्या जागी डिझेल. हिशेब तोच आहे.

हा गाडीवानाचा हिशेब घेऊन आज आपल्याला फार लांब जायचे आहे. अटलांटिक महासागरातला एक मासा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून विमानाने जपानच्या बाजारात जातो, आणि आपल्या रत्नागिरी-देवगडचा हापूस विमानात बसून लंडन-न्यूयॉर्कला जातो, हे तुम्ही ऐकले असेल. ऐकून वाटते, केवढी ही श्रीमंती! फळाला आणि माशाला विमान! पण खोलात शिरून पाहिले तर बहुतेक वेळा तिथेही गाडीवानच भेटतो. विमान दुसऱ्याच कामासाठी निघालेले असते आणि मासा किंवा आंबा त्याच्या रिकाम्या जागेत बसलेला असतो.

शिक्षक मंडळींना विनंती अशी की, हे वर्गात सांगायचे झाले तर भिंतीवर जगाचा नकाशा आधी टांगा. आपल्याला बरीच ये-जा करायची आहे.

नाशवंत माल लांब न्यायचा तर शत्रू दोन, उष्णता आणि वेळ. एकतर उष्णतेला बाहेर अडवा, नाहीतर वाटेचा वेळ कमी करा. विमानाने वेळेला जिंकले, ही अगदी अलीकडची गोष्ट. त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी माणसाने उष्णतेशी झुंज घेतली, आणि तीही कोणतेही यंत्र हाताशी नसताना.

मे १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे एक शिडाचे जहाज कलकत्त्याला निघाले. त्याच्या पोटात १८० टन बर्फ होता. होय, नुसता बर्फ! हा उद्योग फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा. त्या मुलखात हिवाळ्यात तळी गोठून दगडासारखी होतात. ट्यूडरच्या एका सहकाऱ्याने, नॅथॅनिएल वायेथ त्याचे नाव, घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर तयार केला होता. शेतकरी जमिनीत तास घालतो तसे हे लोक गोठलेल्या तळ्यावर उभे-आडवे तास घालीत आणि चौकोनी चिरे सुटे करीत. चिरे जहाजात एकमेकांना खेटून रचायचे, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा, की झाले शीतगृह. भुसा हा लाकूड-गिरणीचा फुकटचा कचरा. त्यात हवा अडकून राहते आणि ती बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. गोधडी जशी थंडी बाहेर ठेवते तसा भुसा उष्णता बाहेर ठेवतो.

ते जहाज आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी सप्टेंबरात कलकत्त्याला लागले. तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. कलकत्त्याच्या सरकारला इतके कौतुक वाटले की त्यांनी बर्फावरची जकात माफ केली आणि रात्रीच्या गारव्यात माल उतरवण्याची परवानगी दिली. लोकांनी वर्गणी करून तिथे बर्फघर बांधले. पुढल्या वर्षी, म्हणजे १८३४ मध्ये, बर्फ आपल्या मुंबईला आला आणि गोदीजवळ इथेही बर्फघर उभे राहिले. जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि दुसऱ्या दिवशी यजमानांसह सगळ्यांना पडसे झाले, अशी गोष्ट मुंबईच्या जुन्या आठवणींत नेहमी सांगितली जाते. परदेशी चैनीची बरी शिक्षा मिळाली, असे त्या वेळी वर्तमानपत्राने म्हटले म्हणतात!

पण बर्फासारखी स्वस्त वस्तू चार महिन्यांच्या वाटेवर परवडली कशी? इथे तो गाडीवान आला. बोस्टनचे व्यापारी आपल्याकडून नीळ, कातडी, सोरा, जवस असा माल न्यायला येत. आपल्याला विकायला मात्र त्यांच्याजवळ फारसे काही नसे. जहाज रिकामे आणावे तर वाऱ्यात कलंडण्याची भीती, म्हणून तळाशी दगड भरीत. ट्यूडर म्हणाला, दगडांऐवजी माझा बर्फ न्या, वर थोडे भाडेही घ्या. ज्याने दगड फुकट वाहिले असते तो बर्फाला नाही का म्हणेल? त्याच बर्फाच्या शेजारी अमेरिकेची सफरचंदेही कलकत्त्याला आली. बर्फात बसून समुद्र ओलांडून आलेले ताजे फळ हिंदुस्थानने पाहिले ते असे.

हा व्यापार पुढे चाळीसएक वर्षे चालला. १८७० नंतर बर्फ करण्याची यंत्रे इथेच आली आणि बोस्टनच्या बर्फाचे दिवस संपले. मुंबईचे बर्फघर कधीच पाडले गेले. मद्रासचे मात्र समुद्रकिनाऱ्यावर अजून उभे आहे. परदेशांतून परतल्यावर १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तिथे झाला, म्हणून ते आता त्यांच्या नावाने ओळखले जाते.

यंत्राची थंडी जहाजावर चढली तीही याच सुमारास. फेब्रुवारी १८८२ मध्ये न्यूझीलंडहून 'ड्युनेडिन' हे जहाज सुमारे पाच हजार मेंढ्या-कोकरांचे गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले. जहाज शिडाचे, पण आतले थंडीचे यंत्र वाफेवर चालणारे. त्याच्या धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शिडे पेटायची वेळ येई. उष्ण कटिबंधात आतली थंड हवा सगळीकडे सारखी खेळेना, तेव्हा कप्तान व्हिट्सन स्वतः हवेच्या नळात सरपटत शिरला आणि आत भोके पाडता पाडता गारठून बेशुद्ध पडला. त्याच्या पायांना दोर बांधून त्याला बाहेर ओढावे लागले. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोहोचले, तेव्हा सगळ्या मालात एकच धड खराब निघाले. मेंढ्यांच्या लोकरीवर जगणारा न्यूझीलंड देश तिथून मांसावर आणि लोण्यावर जगू लागला. हे जहाज कोणाच्या रिकाम्या जागेत माल नेत नव्हते, ते अन्नासाठीच सजवलेले होते. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. गोठवलेले अन्न निराळे आणि नुसते थंड ठेवलेले अन्न निराळे. मांस किंवा मासा शून्याच्या खाली १८ अंशांवर दगडासारखा गोठवला की त्याला घाई राहत नाही. सडवणारे जंतू तिथे वाढतच नाहीत. महिना लागो, दोन महिने लागोत. असला माल जहाजाने जातो, कारण जहाज स्वस्त आहे. पण काही वस्तू गोठवल्या की बिघडतात. आंबा गोठवून पाहा, उमलल्यावर हाती चोथा येईल. त्यांना नुसते थंड ठेवायचे असते, आणि थंड ठेवल्याने नासणे थांबत नाही, मंदावते. म्हणजे घड्याळ चालूच राहते. ज्याचे घड्याळ चालू आहे त्यालाच विमानाची गरज.

विमानाने मांस नेण्याचा एक मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला, आणि तो मला फार बोधप्रद वाटतो. त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात किंबर्ली नावाचा डोंगराळ, कोरडा मुलूख आहे. तिथे गुरांचे प्रचंड कळप. कत्तलखाना मात्र दूर समुद्रकाठी, विंडहॅम बंदरात. रस्ता नाही. गुरे आठवडेच्या आठवडे चालवीत न्यायची, आणि पोहोचेपर्यंत त्यांच्या अंगावरचे मांस झडून जायचे. आपल्याकडे दुष्काळात जनावरे बाजारापर्यंत चालवत नेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मग तिथल्या लोकांनी विचार केला की गुरे चालवण्यापेक्षा मांसच उडवावे. १९४९ मध्ये ग्लेनरॉय या ठिकाणी रानातच कत्तलखाना आणि थंड खोली बांधली, शेजारी धावपट्टी केली. रात्री थंड केलेले मांस दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापण्याच्या आत विमानात भरायचे. विमान डकोटा जातीचे, म्हणजे महायुद्धात सैनिक वाहून नेणारे. विंडहॅमला ते मांस गोठवून जहाजाने इंग्लंडला जाई. आणि परतताना विमान रिकामे येत नसे, रानातल्या वस्त्यांना लागणारे सामान घेऊन येई. पाहा, गाडीवान इथेही आहेच!

ही योजना सोळा वर्षे चालली आणि १९६५ मध्ये बंद पडली. का? विमाने पडली म्हणून नव्हे, मांस नासले म्हणूनही नव्हे. सरकारने त्या मुलखात गुरांच्या वाहतुकीसाठी रस्ते बांधायला घेतले. रस्ता आला, मालमोटारी आल्या आणि विमान परवडेनासे झाले. जिथे रस्ता नाही तिथे विमान स्वस्त, जिथे रस्ता झाला तिथे तेच विमान महाग. आपल्याकडे कोणी विमानतळाची मोठमोठी स्वप्ने सांगू लागला की मला ग्लेनरॉय आठवते, आणि मी आधी विचारतो, बाबा, शेतापासून पक्क्या सडकेपर्यंतचा तुकडा झाला का?

आता त्या अटलांटिकच्या माशाकडे येऊ. ट्यूना हा मासा कोकणात आपण ज्याला कुपा म्हणतो त्याच्याच गोतातला, पण निळ्या पराचा हा अटलांटिकवाला म्हणजे थोरला भाऊ. तीनशे-चारशे किलोचा सहज भरतो. कॅनडाच्या पूर्वेला प्रिन्स एडवर्ड नावाचे बेट आहे. तिथे श्रीमंत हौशी लोक येत, होडी भाड्याने घेत, गळाला हा राक्षस लागला की तासन्‌तास झुंजत. मग त्याला काठावर टांगायचे, शेजारी उभे राहून फोटो काढायचा आणि माणूस घरी गेला. मासा? मासा खड्ड्यात पुरत, किंवा कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी पौंडाला काही सेंट या भावाने देत. खाणारा कोणी नव्हता.

त्याच वेळी, १९७० च्या आसपास, जपानी विमान कंपनीला एक चिंता लागली होती. जपान अमेरिकेला कॅमेरे, रेडिओ, असला विजेचा माल विमानाने धाडी. जाताना विमाने गच्च, परतताना पोकळ. इंधन तेच, वैमानिकाचा पगार तोच. कंपनीच्या माल विभागात आकिरा ओकाझाकी नावाचा एक तरुण होता. तो शोधात निघाला की अमेरिका-कॅनडातून असे काय आणता येईल, जे विमानाचे भाडे सोसेल इतके महाग आहे आणि जहाजाने आणण्याइतके टिकाऊ नाही? शोधता शोधता त्याला हे पुरले जाणारे मासे सापडले. जपानात ट्यूना कच्चा खातात. पूर्वी तिथेही त्याच्या चरबीदार भागाला किंमत नव्हती, मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाईल अशी म्हण होती. पण दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांची जीभ बदलली, तोच भाग मेजवानीचा झाला आणि जपानच्या जवळचा समुद्र पुरेना.

तरी मासा तसा सहज नेता येईना. ट्यूना हा इतर माशांसारखा थंड रक्ताचा नाही, त्याचे अंग पाण्यापेक्षा गरम असते. गळाला लागून तो झुंजतो तेव्हा आणखी तापतो. वेळीच रक्त काढले नाही, आतडी काढली नाहीत आणि बर्फाच्या पाण्यात बुडवला नाही, तर त्याचे मांस स्वतःच्याच उष्णतेने शिजल्यासारखे पांढरे पडते. बेटावरच्या कोळ्यांना हे काही ठाऊक नव्हते, कारण पुरायच्या माशाची बडदास्त कोण ठेवतो? त्यांना शिकवावे लागले. मासा ठेवायला माणसाच्या मापाहून मोठी लाकडी खोकी केली. व्यापारात या खोक्यांना चक्क शवपेट्या म्हणतात. बेटापासून न्यूयॉर्कच्या विमानतळापर्यंतचा प्रवास मोटारीने, आणि तिथून विमानाने टोकियो. १४ ऑगस्ट १९७२ या दिवशी टोकियोच्या त्सुकिजी मासळीबाजारात कॅनडाचा ट्यूना पहिल्यांदा लिलावात बोलला गेला. गिऱ्हाइकांनी तो घेतला. काही वर्षांत पुरायच्या माशाचा भाव सोन्याच्या पंगतीला बसला.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. कोळ्याला भाव मिळाला, विमानाला भाडे मिळाले, खाणाऱ्याला मासा मिळाला. पण समुद्राला कोणी विचारले नव्हते. भाव चढला तशा होड्या वाढल्या, पश्चिम अटलांटिकमधला हा मासा झपाट्याने घटला आणि १९८० नंतर आंतरराष्ट्रीय मंडळाला पकडीवर मर्यादा घालावी लागली. लांबच्या गिऱ्हाइकाची भूक गावच्या विहिरीला पाहता पाहता कोरडी करते. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे मी काय सांगणार! त्सुकिजीचा तो लिलाव २०१८ मध्ये तोयोसू येथील नव्या बाजारात गेला, आणि अटलांटिकचा ट्यूना आजही विमानाने तिथे येतो.

मघाशी मोटारीचा उल्लेख आला. विमान कितीही वेगवान असो, मासा आधी रस्त्यानेच विमानतळाला जातो. मालमोटारीवर बसणारे थंडीचे यंत्र अमेरिकेत फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कारागिराने १९३८ च्या पुढे तयार केले. हा निग्रो समाजातला, लहानपणीच पोरका झालेला, शाळा अर्धवट सुटलेला माणूस. मोटार दुरुस्तीच्या दुकानात राबत आणि पुस्तके वाचत तो यंत्रज्ञ झाला. रस्त्याचे हादरे सोसेल असे यंत्र बनवणे, ही त्याची खरी करामत; त्याआधीची यंत्रे खड्ड्यांनी खिळखिळी होत. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांना याचे नाव अवश्य सांगा.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल, आणि येणे योग्यच आहे. एवढ्या उंचावर तर बाहेर उणे ५० अंश थंडी असते. मग विमानात बर्फ कशाला? खिडकी उघडली की काम झाले! पण विमानाचे पोट बंद असते. आत हवेचा दाब राखावा लागतो, आणि तिथली हवा बऱ्याचदा माणसांच्या डब्याइतकी नसली तरी बेताची उबदार असते. म्हणून थंडी खोक्यातच घालून पाठवतात. कधी थिजवलेल्या लगद्याच्या पिशव्या, कधी कोरडा बर्फ. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कर्बवायू, उणे ७८ अंशांचा. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. त्या वायूने बंद जागेत माणूस गुदमरतो, म्हणून विमानात किती ठेवायचा यावर कडक मर्यादा आहे.

आणि खरा धोका आकाशात नाहीच, जमिनीवर आहे. मे महिन्यात मुंबईच्या धावपट्टीशेजारी दुपारी दोन वाजता खोकी उन्हात उभी राहिली, विमानाला उशीर झाला, की दोन तासांत जे बिघडते ते आठ तासांच्या उड्डाणात बिघडत नाही. म्हणून विमानतळांवर नाशवंत मालासाठी निराळी शीतगृहे बांधली गेली. थंडी ही हातोहात द्यायची वस्तू आहे. विहिरीत पडलेल्याला वर काढायला माणसे साखळी करतात, तशी. एका हाताने सोडले की बाकीच्यांचे श्रम पाण्यात.

आता आपल्या घरी येऊ. नाशिक-सांगलीचे द्राक्ष आणि कोकणातला हापूस, दोन्ही परदेशी जातात, पण वाटा निराळ्या. द्राक्ष शून्य अंशाच्या जवळ सुखाने राहते. म्हणून तोडल्यावर काही तासांतच थंड करून, थंडीच्या पोलादी डब्यांत भरून न्हावा शेवाहून जहाजाने युरोपला जाते. आंब्याचे तसे नाही. तो उन्हाचा जीव! बारा-तेरा अंशांच्या खाली फार दिवस ठेवला तर साल काळवंडते, पिकण्याची ताकद जाते. म्हणजे फार गार करता येत नाही आणि उबेत फार थांबत नाही. चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्याने उतरवला की त्याचे घड्याळ सुरू झाले. म्हणून त्याला विमान.

अमेरिकेने १९८९ पासून आपल्या आंब्याला दार बंद केले होते. भीती किडीची, फळमाशी आणि कोयीतला भुंगा त्यांच्या बागांत शिरेल, ही. मार्च २००६ मध्ये दोन्ही सरकारांत बोलणी झाली, आणि एप्रिल २००७ मध्ये आंबा पुन्हा तिकडे उतरला. अट अशी की किडीची वाढ खुंटेल इतका गॅमा किरणांचा मारा करूनच फळ पाठवायचे. त्याची सोय होती लासलगावला, कांद्यासाठी उभारलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संयंत्रात. तेव्हा कोकणच्या आंब्याने घाट चढून नाशिक जिल्हा गाठायचा, किरण घ्यायचे आणि पुन्हा घाट उतरून मुंबईचे विमान धरायचे! पुढे वाशीला तशी सोय झाली आणि हा वळसा वाचला.

आणि विमानात तो बसतो कुठे? तुमचे-आमचे नातलग दुबईला, लंडनला ज्या विमानाने जातात, त्यांच्याच पायाखाली. उतारूंच्या पिशव्या भरून उरलेल्या जागेत. २०२० पूर्वी जगातल्या विमानी मालापैकी जवळजवळ निम्मा असा उतारूंच्या विमानाच्या पोटातून जाई. उतारू तिकिटाने विमानाचा खर्च भरतो, म्हणून आंब्याला भाडे परवडते. हे दिसायला सोयीचे, पण यात एक मोठी मेख आहे, आणि ती मार्च २०२० मध्ये ठसठशीत दिसली. साथीमुळे परदेशांची उतारू विमाने बंद झाली. आंब्यावर तर काही बंदी नव्हती. आंबा झाडावर तयार, तिकडे गिऱ्हाईक तयार, पण माणसे उडायची थांबली आणि त्यांच्या पायाखालची जागाही त्यांच्याबरोबर गेली. उरलेल्या मालविमानांचे भाडे कुठल्या कुठे चढले. ऐन हंगामात कोकणातल्या बागायतदाराने काय करावे? अनेकांनी पेट्या टेम्पोत घातल्या आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात नेऊन विकल्या. दुसऱ्याच्या परतीच्या गाडीत माल टाकणाऱ्याने, गाडीच आली नाही तर काय, याचा विचार आधी करून ठेवायला हवा.

मे २०२५ मध्ये निराळ्याच कारणाने घाव बसला. किरणांच्या प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी आहेत असे म्हणून अमेरिकेने विमानाने आलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अडवल्या. परत आणा नाहीतर नष्ट करा, असे दोनच मार्ग होते. परतीचे भाडे मालाला झेपणारे नव्हते आणि तोवर आंबा टिकणारही नव्हता. तो तिथेच नष्ट करावा लागला. विमानाने वाचवलेला प्रत्येक तास एका कागदाने खाल्ला. गोठवलेले मांस असते तर शीतगृहात पडून राहिले असते, कागद दुरुस्त होईपर्यंत. आंबा वाट पाहत नाही.

म्हणून ड्युनेडिनच्या वाटेने जाता येईल का, याची धडपड आपल्याकडेही सुरू झाली आहे. डब्यातली हवाच बदलायची, प्राणवायू कमी करायचा, म्हणजे फळाचा श्वास मंदावतो आणि पिकणे लांबते. जून २०२२ मध्ये राज्याच्या कृषी पणन मंडळाने, भाभा केंद्राच्या मदतीने, साडेसोळा टन आंबा न्हावा शेवाहून जहाजाने अमेरिकेला पाठवला. २५ दिवसांनी तो न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क बंदरात उतरला. तो आंबा केशर होता. हापूसची साल नाजूक आणि त्यात साक्याचे दुखणे, त्यामुळे त्याची परीक्षा अधिक अवघड.

नकाशावर नेवार्कवर बोट ठेवा आणि किनाऱ्याने थोडे वर सरका, बोस्टन लागेल. १८३४ मध्ये मुंबईला बर्फ आला तो याच किनाऱ्याहून. त्या वेळी बर्फाच्या सोबतीने सफरचंदे आली होती. वाशीच्या फळबाजारात अमेरिकेची सफरचंदे आजही मिळतात. तीही थंडीच्या डब्यांत बसून, समुद्रानेच न्हावा शेवाला उतरतात.